पिंपाची शेपूट

निळं पिंप पुन्हा डावीकडे उसळलं. दोरी ताणली, कडी करकरली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. काठावर जाळं शिवत बसलेल्या सलमाचं बघून बघून डोकं फिरलं होतं.

वर घाटात पाऊस झोडपत होता आणि खाडीला लाल पाणी आलेलं. त्यांची मोठी होडी त्या पिंपाला बांधलेली, पिंपाला खाली नांगर. आधी तिथं लाकडाचा लांब ओंडका तरंगायचा. तो कुजला, म्हणून सलमाच्या भावानं, रमीझनं, हे पिंप आणलं.

"गोल आसा, आपा. पाणी आपसूक बगलेन जातला," असं म्हणालेला शहाणा.

पाणी बगलेनं जातच होतं. एकदा या बगलेनं, एकदा त्या. आणि दर खेपेला पिंपाला हिसका देऊन. कडीवर घासून घासून दोरीचे पीळ सुटायला आले होते.

तिचा नवरा दाऊद दुसरी दोरी बांधून आला होता. तीही झिजली. आता तो ओल्या लुंगीतच पायरीवर बसलेला, डोळे उघडे ठेवायचंही जिवावर आलेलं.

"सांजेपर्यंत टिकाची नाय ही."

"पोरांचो पतंग गिरक्यो मारूक लागलो की तेका काय बांधतत?" सलमानं विचारलं.

"आता पतंग खंयसून इलो गो मधीच? शेपूट बांधतत."

सलमानं मांडीवरचं जाळं गोळा करून त्याच्या पुढ्यात टाकलं. अख्खा पावसाळा तिनं ते शिवलं होतं. निळा दोरा मिळाला नाही म्हणून हिरव्यानं.

"खुळी काय तू? सीझन तोंडार इलो!"

"होडीच व्हावान गेली तर जाळा काय पांघरून निजतलात?"

दाऊद उठला. रमीझला हाक मारली, लहान होडी काढली. दोघांनी मिळून जाळं पिंपाच्या पाठी बांधलं. पाण्यानं ते ओढून लांबवर सरळ केलं. पिंप एकदा हललं, अर्धवट वळलं आणि गप झालं.

दाऊद परत आला तो भिंतीला टेकूनच बसला. "नीज गो आता जरा."

"तुमी निजा." सलमाची नजर लाल पाण्यावर. मधेच हिरवं काहीतरी वर यायचं, परत बुडायचं. "माज्यो गाठी धरतत काय, ता माका बघूक व्हया."