चिबड

पल्लवीचा पाय बांधावरून घसरला तो थेट पोटरीपर्यंत चिखलात गेला. उपसून काढला तर काळाकुट्ट, बुळबुळीत, वर नासक्या अंड्याचा वास. शी! सोयरीक ठरवण्याआधी मुलीकडच्यांनी रान बघायचं ही रीत. पण रान पायाला असं चिकटेल हे दुष्काळी जतहून आलेल्या पोरीला काय ठाऊक?

नदीकाठचं रान ते. ऊस केव्हाच गेला, नुसता लव्हाळा माजलेला. मधेमधे मिठासारखं पांढरं फुललेलं.

"ह्येला म्हणायचं काय?" तिनं नाक दाबूनच विचारलं.

"चिबड," नवऱ्या मुलाचे वडील नानासो हसत म्हणाले. "चिंब भिजून भिजून नासली म्हणून चिबड, आसं आमचं म्हातारं सांगायचं. सांजच्याला पाणी सोडायचं, सकाळी उठून बघायचं. पाण्याला कमी न्हाई, पावणं!"

पल्लवीचे वडील, दादा, हरखून ऐकत होते. त्यांच्या गावात टँकर आला की घागरीवरनं डोकी फुटायची. लेकीची त्यातून सुटका व्हावी म्हणूनच त्यांनी हे स्थळ मनात धरलेलं. होकार तर एसटीत बसतानाच ठरला होता. पल्लवी मात्र लव्हाळ्यावर पाय घासत राहिली. घाणीचं एक वेळ सोसलं असतं तिनं. पण एवढं पाणी, आणि ते असं कुजवलं?

"विश्वजीत, पाय धुवायला पाणी दे की रं!" नानासोंनी पोराला सांगितलं.

नवरा मुलगा गेला आणि त्यानं मोटरच चालू केली. पाइपातून मांडीएवढी धार कोसळली. तांब्याभर पाण्याचं काम. पाय कधीच धुऊन झाला. धार तशीच पाटातून चिबडाकडं निघाली आणि मंडळी चहाला वळली.

"मोटर?" पल्लवी म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या हो. पाणी काय इकत आणतोय व्हय आपुन?" नानासो चालता चालता म्हणाले.

दादांचं हसू पुसलं गेलं. मागच्याच आठवड्यात त्यांनी टँकरसाठी बोकड विकला होता.

पल्लवी मागं फिरली. तिनं लाल बटण दाबलं. पाइपातून शेवटचं पाणी ठिबकत राहिलं, तशी मागोमाग आलेल्या दादांनी खाली बसून त्याला ओंजळ धरली, आणि भरल्यावर ती पिऊन टाकली.

"आवं पावणं, च्या गार हुतोय!" नानासोंनी हाक मारली.

"नगं," दादा तोंड पुसत उठले. "चल पल्लवी. आपला टँकर यायची येळ झाली."