खिशातली किल्ली

"कटर आणा," मॅनेजर म्हणाला. "तोडा ते कुलूप आणि लाइन सुरू करा."

कुलूपवाली बाई तेव्हा दाराशी पोचली होती. काखेत पिशवी, हातात या बिस्किटांच्या कारखान्याने भेट दिलेला पुडा. ते वाक्य कानावर पडलं आणि ती जागीच थबकली.

कुलूपवाली हे नाव तिला कारखान्यांनीच दिलेलं. वर्ष संपत आलं की सुरक्षिततेच्या सभा होतात आणि हिला बोलावणं येतं. ही उभी राहते आणि नवरा कसा गेला ते सांगते. तो साबणाच्या कारखान्यात होता. यंत्राखाली सफाईला शिरताना त्याने मेन स्विच बंद केला, त्यावर आपलं लाल कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. नियमच तसा. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, तोवर यंत्र कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही. पण शिफ्ट संपली, तो दिसेना, आणि लोकांना वाटलं, गडी कुलूप विसरून घरी गेला. त्यांनी कुलूप तोडलं, यंत्र सुरू केलं. तो घरी गेला नव्हता. एवढं सांगून बाई पिशवीतून ते तुटकं कुलूप काढते आणि टेबलावर ठेवते.

सुरुवातीला सांगताना ती रडायची. मग रडू थांबलं. आता तर कुठल्या वाक्याला पुढची रांग हळहळते आणि कुठल्या वाक्याला मागची रांग जांभई देते, हेही तिला पाठ झालं होतं. आज मागच्या रांगेतल्या एकाने तिच्या देखत पुडा फोडून बिस्किटं खायला घेतली होती. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! ही शेवटची सभा, असं ती निघताना लेकीला सांगूनच आली होती.

आणि सभेनंतर केबिनमध्ये चहापाणी, गप्पा उरकून ती निघते न निघते तोच हा मॅनेजर कटर मागत होता.

"कुणाचं कुलूप आहे?" तिने विचारलं.

"भट्टीवाल्याचं," सुपरवायझर म्हणाला. "आमचा धांदरट. डबा विसरतो, छत्री विसरतो, एकदा तर बायकोला दवाखान्यात विसरून आला. सभेनंतर पट्ट्याखालची उरलेली सफाई करायला गेला होता. एव्हाना उरकून गेला असेल घरी. फोनसुद्धा इथेच, लॉकरमध्ये वाजतोय."

"जाताना कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सभा सुटली तेव्हाच शिफ्टही बदलली आणि झुंबड उडाली होती. गेटवर कोण आलं, कोण गेलं, याचा पत्ता कुणाला असणार?

"पीठ मळायच्या ड्रममध्ये मी डोकावलो की," सुपरवायझर म्हणाला. "कुणी नाही."

पण ड्रम, त्याच्या खालचे पीठ पुढे नेणारे पट्टे आणि पुढची भट्टी, सगळं त्या एका स्विचवर चालायचं. पट्ट्याखालचा बोळ इतका अरुंद होता की माणूस आडवा होऊनच आत शिरायचा.

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. वर्षअखेरचा शेवटचा माल आज निघायचा होता आणि ट्रक फाटकाशी उभा होता. "ताई, तुमचं दुःख कळतं मला. पण हा विसरभोळाच आहे हो. सगळ्यांना ठाऊक आहे."

"आमचे हेही विसरभोळेच होते, साहेब," बाई म्हणाली. "म्हणूनच कुणी शोधलं नाही."

हे तिने कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं. गेलेल्या माणसाचे दोष चार लोकांत कशाला काढायचे, असं तिला वाटायचं.

कटर घेऊन आलेल्या फिटरने मॅनेजरकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि कटर खाली ठेवला. "मी नाही तोडणार, साहेब."

मॅनेजर चडफडला. पण त्यालाही कटर उचलवेना. शेवटी त्याने एकाला मोटरसायकल देऊन भट्टीवाल्याच्या घरी पिटाळलं. दोघे जण बॅटऱ्या घेऊन पट्ट्याखाली आडवे झाले आणि हाका मारू लागले. आतून उत्तर आलं नाही. कुणीतरी बाईला स्टूल आणून दिलं, पण ती स्विचला पाठ लावून उभीच राहिली. तिला भीती वाटत होती, इतक्या वर्षांनी पुन्हा तशीच.

मोटरसायकल परतली तेव्हा ट्रक रिकामाच निघून गेला होता. मागच्या सीटवरून एक जण उतरला. अंगात घरचा बनियन, खाली कामावरचीच पँट, पायात रबरी चपला, बोटांना अजून भात चिकटलेला. बाईने त्याला ओळखलं. मागच्या रांगेत बिस्किटं खात बसलेला तोच हा.

सगळे त्याच्यावर तुटून पडले. "डोक्यात भुसा भरलाय का रे?" सुपरवायझर ओरडला. ट्रकचा जाब वर कोण देणार, असं मॅनेजर पुन्हा पुन्हा विचारत राहिला. भट्टीवाल्याने मान खाली घालून खिसे चाचपले, किल्ली काढली, कुलूप उघडलं. मग तो बाईसमोर येऊन उभा राहिला.

"चुकलो, मावशी," तो म्हणाला. "कुलूप तसंच विसरून घरी गेलो."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांच्या देखत ती रडायला लागली.

"परत एकदा म्हण, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी सभेत सांगायचंय मला."