सुई कोरडी निघाली की

आई गेल्यानंतरची ही पहिलीच वर्षअखेरची सुट्टी, आणि तिच्या धाकट्या लेकीने केक करायचा हट्टच धरला. धाकटीचा केक दरवर्षी मधोमध बसायचा, कारण तिला धीर म्हणून नव्हता. सारखी ओव्हन उघडून बघायची.

"मी सुई टोचेपर्यंत दाराला हात लावायचा नाही," आई दटावायची. विणकामाची सुई केकमध्ये खुपसायची. कोरडी निघाली की केक झाला.

आजही धाकटीने सवयीने दार ओढलं. ते हललं नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

"अडकलंय," दादा म्हणाला. "राहू दे जरा."

ती ओव्हनसमोरच फतकल मारून बसली. घरभर वास सुटला, आणि मग दार हलकेच, आपोआप उघडलं.

केक टम्म फुगला होता.

"बघ, बसला नाही," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसली.

"झकास. पण सुई कधी टोचलीस?"

केकच्या बरोबर मध्यावर एक बारीक भोक होतं.

तिने कपाटातला आईचा विणकामाचा खण उघडला. सुई लोकरीच्या गुंड्यात खोचलेली होती, आईने ठेवली होती तशीच. तिने ती उपसून काढली.

सुई चटका बसण्याइतकी गरम होती, आणि कोरडी.