बिघाडाच्या नोंदी

"नाही गं, त्या दिवशी बलून सोडलाच नव्हता," थोरलीने धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवून दिला. धडधडीत खोटं. त्या दिवसाची नोंदवही तिच्यासमोर उघडीच होती.

सतरा वर्षं ती डोंगराच्या पायथ्याच्या हवामान केंद्रात होती. रोज सकाळी बलूनमध्ये गॅस भरायचा, खाली तापमान मोजणारी डबी बांधायची आणि तो सोडायचा. डबी वर जाता जाता आकडे पाठवायची. तीसेक किलोमीटर उंचीवर बलून फुटायचा. दुसऱ्या दिवशी नवा बलून, नवी डबी.

धाकटी दूर शहरात, उपग्रहाच्या केंद्रात. महिन्यापूर्वी तिने बाबांना एक चित्र पाठवलं होतं. वारा डोंगरावर आदळून वर उसळतो आणि त्याच्या लाटा ढगांच्याही कितीतरी वर पोचतात. लाटेबरोबर तिथली हवा आलटून पालटून थंड-गरम होते. उपग्रहाने टिपलेल्या त्या लाटा चित्रात पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होत्या. डोंगर हाच, थोरलीच्या खिडकीतला.

बाबांनी चित्र मोठं करून बैठकीत लावलं. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही दंडाला धरून आत नेलं.

"माझ्या धाकटीने शोधलंय!"

"बिल कमी येईल का त्याने?" त्याने विचारलं.

बाबा भडकले. थोरलीला मात्र त्या माणसाला चहा पाजावासा वाटला.

बाबा तिच्याकडेच राहायचे. त्यांच्या डोळ्यांत दिवसातून चारदा थेंब तीच घालायची. डोकं मागे टेकूनही ते धाकटीचंच बोलायचे. वरून बघायला काय जातंय, थोरलीच्या मनात यायचं. बोटं बधिर होईपर्यंत वाऱ्यात दोरी धरून उभी मी, आणि नाव कुणाचं? जिने या डोंगरावर कधी पाऊल ठेवलं नाही तिचं.

आता धाकटीला ते चित्र टिपलं त्या दिवसाचे बलूनचे आकडे हवे होते. थोरलीने ते काढलेही. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये तापमान सात-आठ अंशांनी खाली-वर होत होतं. त्यावर तांबडी रेघ होती आणि तिचंच अक्षर: 'उपकरणात बिघाड. नोंद रद्द.'

तिने मागची पानं चाळली. मग जुन्या वह्या. सोसाट्याचा वारा सुटला त्या त्या दिवशी तेच हेलकावे, तीच रेघ. डबी दर वेळी नवी आणि बिघाड मात्र तोच, हे सतरा वर्षांत तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने वह्या कपाटात कोंबल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तीन दिवसांनी, बाबांचं जेवण चालू असताना, फोन वाजला. बाबांनी दोन शब्द ऐकले आणि तो थोरलीपुढे धरला.

"रडतेय ती. तू बोल."

"ताई, संपलं सगळं," धाकटी म्हणाली. "आमचे साहेब म्हणतात, त्या लाटाबिटा काही नाहीत, उपग्रहावरच्या यंत्राचा दोष आहे. पुरावा असेल तर आणा म्हणाले. कुठून आणू? आज संध्याकाळी तसंच लिहून देतेय. उपकरणात बिघाड."

थोरलीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बाबांच्या ताटात भात वाढेपर्यंत ते टिकलं. मग तिने पातेलं खाली ठेवलं.

"काही लिहू नकोस. मी केंद्रावर जाऊन फोन करते."

ती जवळजवळ पळतच गेली. कपाट उघडलं, वही काढली, फोन लावला.

"त्या दिवशी बलून गेला होता. मी खोटं बोलले."

"का?"

"जळत होते तुझ्यावर." थोरलीने वही पुढ्यात ओढली. "आता लिहून घे. उणे एकावन्न. उणे एकोणसाठ. पुन्हा उणे बावन्न. मग उणे साठ."

धाकटीने लिहून घेतलं. नंतर मागच्या वर्षांचे आकडे घेतले, त्यावर मारलेल्या रेघांसकट. तासभर दोघी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी धाकटी हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे हे माझ्या आधी तुला दिसलं होतं."

"दिसलं मला होतं गं," थोरली म्हणाली. "खरं तुला वाटलं."