मंगरूएवढं पाणी

रोज फोटो टाका, हे तुम्हीच सांगितलं साहेब. आता कागदावर सही मारून हात झटकू नका.

गावाला नाल्यावर पूल पाहिजे होता. तुम्ही म्हणालात, नाला पावसाळ्यात चार दिवस वाहतो, चार दिवसांसाठी पूल होत नसतो. बारमाही आहे म्हणता तर सिद्ध करा. एक जून ते एकतीस मे, रोज सकाळी एक फोटो, आपल्या ‘तत्पर सेवा’ ग्रुपवर. आता सिद्ध करायला गावाजवळ काय होतं? संघप्रियाचा मोबाईल होता. संघप्रिया अंगणवाडीत मदतनीस, बारावी पास. म्हणजे गावात तिच्यापेक्षा मोठा शास्त्रज्ञ नाही.

पहिल्याच फोटोखाली तुमच्या कार्यालयाचं उत्तर आलं. ‘पाणी दिसते. खोली समजत नाही. मोजपट्टी लावावी.’

इकडे पाणी पट्टीनं नाही, अंगानं मोजतात. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर. त्याच्यावर असलं तर घरी बसायचं. काठावर मंगरू मडावी दात घासत बसला होता. साठी उलटलेला, उंच, वाळलेला. काडी थुंकून उठला आणि सरळ मधोमध जाऊन उभा राहिला.

“काढ पोरी. मायापेक्षा वाळली पट्टी साहेबाले कुठी भेटन?”

त्याची बायको रुखमा धुणं आपटत होती. मान वर न करता म्हणाली, “सरळ उभा राय म्हना त्याले. चाळीस वर्सांत कधी राह्यला नाई.”

तेव्हापासून रोज सात वाजता मंगरू पाण्यात. फोटो गेला की ग्रुपवर तुमचा अंगठा. पाणी वाढलं, तसा तो काठाशी उभा राहू लागला, कंबरेला दोर बांधून. दोराला चार माणसं. लोक म्हणायचे, मंगरूभाऊ, सरकारी नोकरीले लागला तू. तो म्हणायचा, रिटायर पूल झाल्यावरच होईन.

त्र्याऐंशीव्या दिवशीही फोटो गेला. त्याच दिवशी मंगरू ब्रह्मपुरीला गेला होता, रुखमाच्या गुडघ्यासाठी तेल आणायला. संध्याकाळी परतला तर नाला भरलेला. पलीकडच्या काठावर दोन तास बसला. मग उतरला. सकाळी दोर धरायला चार जण असायचे, कारण तुम्हाला फोटो पाहिजे होता. संध्याकाळी कोणाला काय पाहिजे होतं?

तेलाची बाटली पिशवीसकट खालच्या झुडपात सापडली. मंगरू नाही सापडला. बोट आली, दोन दिवस फिरली, गेली.

चौऱ्याऐंशीव्या फोटोत लोक बांबू घेऊन पाणी ढवळताहेत. खाली संघप्रियाने लिहिलं, ‘मंगरू मडावी काल वाहून गेले. शोध चालू आहे.’ तुमचा अंगठा आला. मग सूचना आली, ‘फोटोवर तारीख टाकत जावी.’

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी संघप्रिया काठावर आली ती मोबाईल न काढताच. आता बस झालं म्हणाली. तेवढ्यात रुखमा आली. लुगड्यावर मंगरूचा शर्ट, डोक्याला त्याचाच दुपट्टा. कोणाला न विचारता पाण्यात उतरली आणि तो उभा राहायचा तिथंच उभी राहिली.

“रुखमाबाई, तुमी काऊन?” संघप्रियाने काठावरून विचारलं.

“तो मायापेक्षा वीतभर उंच होता,” रुखमा म्हणाली. “तेवढं धरून घेजो.”

नवरा गिळलेल्या पाण्यात ती रोज उभी राहिली. थंडीत राहिली. मे महिन्यात पाणी घोटाभर झालं, तरी राहिली. फोटो झाला की सगळे घरी यायचे. ती मात्र काठाकाठानं खालपर्यंत जायची, प्रत्येक झुडूप वाकून पाहायची. तीनशे पासष्ट फोटो झाले. तीनशे पासष्ट अंगठे झाले. त्यात कुठं कुचराई नाही, हे मान्य करावं लागेल.

जूनमध्ये तुमचा कागद आला. संघप्रियाने काठावर बसून वाचला. ‘सर्व छायाचित्रांचे बारकाईने अवलोकन करण्यात आले. नाला बारमाही असल्याचे दिसून येते. तथापि, एकच ज्येष्ठ पुरुष नागरिक वर्षभर सदर प्रवाहात सुस्थितीत उभा असल्याचे दिसत असल्याने जीवितास धोका आढळत नाही. सबब पुलाची आवश्यकता नाही.’

रुखमा म्हणाली, “पुन्हा वाच.”

संघप्रियाने पुन्हा वाचला. रुखमाने कागद हातातून घेतला, त्याची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघी तुमच्या टेबलासमोर उभ्या होत्या. आठवतं ना साहेब? तुम्ही चिडला नाहीत, हेही लिहितो. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणालात, “हे बघा बाई, आम्ही एकूणएक फोटो पाहिलाय. बाबा रोज उभे आहेत. काही झालेलं नाही त्यांना.”

“रोज?” रुखमाने विचारलं.

“रोज.”

“मे महिन्यात बी?”

“मे महिन्यातही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.”

रुखमा खुर्चीवरून उठली. शर्टाच्या बाह्या तिच्या हातांना लांब होत होत्या. तिने त्या मागे सारल्या आणि दोन्ही हात तुमच्या टेबलावर टेकले.

“नऊ महिने मी त्याले काठाकाठानं पाहून राह्यली साहेब. मले एक दिवस नाई दिसला. तुमाले रोज दिसला. कुठी हाये तो, सांगा.”