गाडीला अहो-जाहो

“दादा... सकाळपासून... मिसिंग आहेत... लवकर ये!”

शेजारच्या पत्रेवाल्याच्या ग्राइंडरने बहिणीचं निम्मं बोलणं गिळलं आणि मग फोनच कट झाला. उलट लावला, तर सारखा बिझी.

इंजिन मिसिंग करतंय, ठोके चुकवतंय! गॅरेजमधला मिस्त्री चरफडला. तिच्या गाडीचे चारही प्लग कालच त्याने स्वतः बदलले होते. उद्या त्याच गाडीतून बाबांना लांबच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बाबा तिच्याकडेच राहायचे; अलीकडे जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. अशा माणसाला धक्के खात न्यायचं? आणि तेही आपल्या हातचं काम बिघडल्यामुळे?

“काय झालं रे?” ग्राइंडर थांबवून पत्रेवाल्याने विचारलं.

“गाडी मिसिंग करतेय. आणि मिसिंग ‘आहेत’ म्हणे! आमची बहीण गाडीलाही अहो-जाहो करते.”

“घरचं वळणच चांगलं हो तुमचं!”

दोघंही खळखळून हसले.

हातातलं काम उरकून, चहा घेऊन मगच तो निघाला. वाटेत त्याने सगळं मनाशी लावून ठेवलं. एखादा प्लग ढिला राहिला असेल. कॉइलचं सॉकेट नीट बसलं नसेल. फार तर नव्या प्लगला बारीक तडा. अर्ध्या तासाचं काम.

गाडी दारातच उभी होती. घर सताड उघडं, आत कुणी नाही. बाबांना घेऊन शेजारी गेली असेल. खुंटीवरची चावी घेऊन त्याने गाडी चालू केली, बॉनेट उघडलं, कान लावला. एकेका कॉइलचं सॉकेट काढून पाहिलं, की इंजिन लंगडायचं. परत लावलं, की सावरायचं. चारही सिलिंडर ठणठणीत. एक ठोका चुकत नव्हता.

“उगाच जीव घाबरा करते,” तो पुटपुटला.

तेवढ्यात फाटक आपटलं. बहीण धावत आत आली. अनवाणी, पाय धुळीने माखलेले. चालू गाडी पाहून तिचा चेहरा उजळला. तिने झटकन मागचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं.

“कुठे बसवलंस त्यांना? कुठे सापडले?”

“कोण?”

ती परत फाटकाकडे धावली. इंजिन एका लयीत चालू होतं.

आहेत, म्हणाली होती ती. आहेत.