मीठ कुणी बघायचं

दुपारची गर्दी ओसरत आली होती, तेवढ्यात तिसरं सूप परत आलं. मॅडमनी त्यातलं चमचाभर तोंडात घातलं आणि उरलेलं गुपचूप मोरीत ओतून दिलं.

एकाच मालकाची चार हॉटेलं. कुठल्या स्वयंपाकघरात कोण राबणार, कुणाची पाळी कधी, रजेवर गेलेल्याच्या जागी कोण, हे सगळं मॅडम बघायच्या. फक्त या हॉटेलातली माणसं घाईगडबडीत त्यांना ‘वहिनी’ म्हणून जायची. कारण इथला मुख्य आचारी त्यांचा नवरा होता. त्याला सगळे दादा म्हणत.

दादा शेगडीपाशी पाठमोरा उभा होता.

“खारट?” त्यानं विचारलं.

“खारट. आणि काल अळणी होतं म्हणे.”

बाकीची माणसं एकेक करून मागच्या दारानं चहाला निघून गेली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

दादानं शेगडी बारीक केली. “तापातून उठल्यापासून जीभ गेलीय माझी. मीठ काय, साखर काय, सगळं सारखंच. चिमणीच्या लक्षात आलं होतं. मी पाठ वळवली की ती चाखायची, कमीजास्त करायची. ती बोलली नाही, मीही बोललो नाही. झाकली मूठ होती ती. तू तिला उचललंस आणि उघडी पडली.”

चिमणी त्याची मदतनीस. बारीक आवाजाची, म्हणून चिमणी. गेल्याच आठवड्यात मॅडमनी तिला नव्या हॉटेलात मुख्य आचारी म्हणून पाठवलं होतं.

“जिभेचं मला ठाऊक होतं,” मॅडम म्हणाल्या.

“कसं?”

“सुट्टीच्या दिवशी घरी कोण रांधतं?”

दादा वळला. “मग बोलली का नाहीस?”

“इथून कधी तक्रार आली नाही. वाटलं, माझ्याच ताटात तेवढं येतंय.”

तो म्हणाला, “चिमणीला परत पाठव. पहिल्यासारखं चालेल सगळं. कुणाला कळायचंही नाही.”

एका फोनचं काम होतं. चिमणी चकार शब्द न काढता आली असती. मॅडमना तेच नको होतं.

“तिला मुख्य केलंय मी. इथे आणली तर मुख्य म्हणूनच आणेन. खाली उतरवून नाही.”

“हे मॅडम सांगतायत की बायको?”

“मॅडम. बायको अजूनही गप्प जेवत बसली असती.”

दादानं फडकं घेतलं आणि पुसलेलाच कट्टा पुन्हा पुसायला लागला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मॅडम उभ्याच होत्या.

“मग नव्या हॉटेलाचं काय?” त्यानं विचारलं.

“ते माझं काम.”

“बोलव तिला.”

मॅडमनी फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर चिमणीनं एवढंच विचारलं, “दादांना चालेल का?”

मॅडमनी फोन त्याच्यापुढे धरला.

“मला कसलं विचारतेस?” दादा म्हणाला. “आता मी तुला विचारायचं.”

संध्याकाळच्या गर्दीआधी चिमणी आली. सवयीनं खिडकीजवळच्या भाजी चिरायच्या कट्ट्याकडे वळली. तिथे दादा उभा होता आणि सपासप गाजरं चिरत होता. त्यानं मान वर केली नाही, बाजूलाही सरकला नाही. ती घुटमळली, मग शेगडीपाशी गेली.

सूप उकळत होतं. चमचा उचलण्याआधी तिनं मागे बघितलं. दादा तिच्याचकडे बघत होता. बाकीच्यांचेही हात थांबले होते. तिनं सगळ्यांदेखत चाखलं.

“कमी आहे,” चिमणी म्हणाली. आवाज तोच बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“मग घाल की,” दादा म्हणाला आणि त्यानं पुढचं गाजर घेतलं.